गवत ओलं होतं

माघातली सकाळ, दव नुकतंच उतरलेलं.
पाणखंड्याच्या वरच्या माळावर
जाळरेषा काढायला निघालो आम्ही:
चार माणसं, हिरव्या फांद्या, पाठीवरचा पंप,
आणि वाऱ्याचा थोडाफार अंदाज.

वणव्याच्या आधी आपण पोचायचं,
आपल्या हाताने, आपल्या वेळेला जाळायचं,
एवढं मला खात्याने शिकवलं.
बाकीचं चैत्या उंबरसाड्याने.

"आयक," म्हणाला.
ऐकलं. गवत तडतडत होतं.
"गवत नाय ता. नाकतोडं हायेत."
खरंच, ज्वाळेच्या हातभर पुढे
माळ जमिनीवरून वर शिंपडला जात होता
आणि कोतवाल धुरात शिरून
एकेक टिपत होते,
पंगतीला वेळेवर आलेल्या पाहुण्यांसारखे.

ज्यांना पंख, त्यांना निदान कोतवाल भेटला.
खंडोबाच्या घोड्याची अंडी
काडीला फेस चिकटावा तशी, वाळून कडक.
ती कुठे जाणार?
मुंग्या खाली गेल्या. वीतभर खाली
आपली आग पोचतच नाही म्हणे.
मी राखेत बोट खुपसून पाहिलं.
गार होतं.

फोन. घोडबंदरच्या सत्ताविसाव्या मजल्यावर
गॅलरीत चादरी वाळत होत्या,
त्यांना धुराचा वास लागला होता.
अर्धा तास, मी म्हटलं साहेबांना.

करवंदीच्या जाळीपाशी चैत्या थांबला.
खोलीएवढा तुकडा, कंबरेएवढं गवत.
त्याच्या चारी बाजूंनी आग झोडपून विझवली.
मागल्या वर्षी खडकाजवळचा ठेवला होता,
त्याआधी पाणवठ्याकडचा.
"हा कशाला?"
"बियानं कोन सगला दलतं काय?"
आणि विडी पेटवली,
काडी थुंकीने विझवून खिशात टाकली.

नोंदवहीत रकाना होता: न जळालेले क्षेत्र, कारण.
मी लिहिलं, गवत ओलं होतं.

तीन आठवड्यांनी एकटीच गेले,
घरची पांढरी चादर घेऊन.
काळ्या पट्ट्यात गवत झटकलं म्हणावं तर गवतच नव्हतं.
दोन नाकतोडे सापडले,
तेही कोळशासारखे काळे.
तसेच होते की राखेने झाले, मला माहीत नाही.
करवंदीपाशी मात्र चादर भरून
इतकं काही उडालं, सरपटलं, माझ्या बाहीत शिरलं
की एकशेचाळीसनंतर मोजणं सोडलं.

एका काडीवर तो फेस दिसला. कडक, शाबूत.

पुढच्या माघात या तुकड्याची पाळी आहे.
काडीला खूण करावी म्हणून
खिशातून दोरा काढला,
मग परत ठेवला.