पंचनाम्यातला काटा

पोलिसांकडं सोन्याचा काटा नसतो.
म्हणून जिनिंगच्या मागं काही सापडलं
की हवालदार माझ्या दुकानापुढं गाडी लावतो,
"चला पांचाळ, काटा घ्या."
मी कुणाची तरी अर्धा डाग दिलेली पाटली
तशीच कोळशाशेजारी ठेवतो आणि उठतो.

त्या दिवशी सेलूत असं ऊन
की डांबर चप्पल सोडत नव्हतं.
ठाण्याच्या खोलीत दोघं उकिडवे,
एकाच मोटरसायकलवरून धरलेले:
मुंजाजीच्या खिशात बटनांची पाकिटं,
मागं बसलेल्या सोपानच्या मांडीवर पिशवी.

मी आधी पाचाचं जुनं नाणं ठेवलं.
नऊ ग्रॅम. काटा खरा आहे, लिहा.
साहेबांनी गोळ्या चांदीतून सोलल्या
(चांदी म्हणजे तो पत्रा, माझ्या तोंडात हाच शब्द येतो).
पंखा बंद केला तरी
शेवटचा आकडा थांबेना.
सवयीनं म्हणालो, जरा श्वास धरा.
पंचांनी धरला, साहेबांनी धरला,
आणि ज्याचं वजन चाललं होतं
त्या पोरानंही धरला.

अकरा ग्रॅम चारशे.

सोपानच्या पिशवीला माझा काटा पुरला नाही.
समोरच्या किराण्यातला आणला,
ज्याच्यावर सकाळी साबुदाणा मोजला होता.

मला कुणी बोलावलं नव्हतं, तरी तारखेला गेलो.
वकीलबाई व्हरांड्यात मुंजाजीच्या आईला सांगत होत्या:
कायद्यात एक तक्ता आहे, तक्त्यात एक रेघ.
रेघेच्या अलीकडं वर्षापर्यंत कैद, नाहीतर दंड, नाहीतर दोन्ही.
पलीकडं दहा वर्षांपर्यंतही जातं.
अलीकडच्याला अजून एक दार आहे.
सवय लागलीय हे मान्य, उपचाराला तयारी,
तर कोर्ट शिक्षा बाजूला ठेवून
बंधपत्रावर दवाखान्यात पाठवू शकतं.
वर्षाच्या आत डॉक्टरचा अहवाल आणायचा.
"पाठवतीलच असं नाही, मावशी. पाठवू शकतात."

मावशीनं आत जाऊन वकिलांच्या आधीच तोंड उघडलं,
"सायेब, त्याला झोपच न्हाई ओ.
रात्रपाळीनं झोप खाल्ली, मंग कुनीतरी गोळी देली."
न्यायाधीशांनी पोराला विचारलं, उपचार घेशील?
त्यानं आईकडं पाहिलं.
"तिकडं नको. इकडं बघून सांग."
फार वेळ गेला. कारकुनाची बोटं कळफलकावर थांबलेली.
"हाव," तो म्हणाला,
आणि कागदावर उमटलं: संमती दिली.

परभणीच्या दवाखान्यात म्हणे
एकदम बंद करत नाहीत. झटके येतात.
गोळी तोडतात, आठवड्यानं पाव कमी, मग पावाचाही पाव.
हे मला कळलं. मीही असंच
कानसेनं गुंजभर गुंजभर उतरवतो.
चौथ्या महिन्यात तो पळाला.
जिंतूरच्या स्टँडवर सापडला, चहाच्या बाकड्याखाली.
आईनं यष्टीनं परत नेला,
दोन तिकिटं काढून, हात न सोडता.
अहवालात तेही आहे, तारखेसकट.

अकराव्या महिन्यात आला दुकानात.
अंगावर जरा मांस, प्लॅस्टिकच्या पिशवीत फाइल,
कोर्ट उघडायला अजून वेळ होता.
बसला नाही. काट्याकडं बघत म्हणाला,
"काका, त्या दिवशी पंखा बंद होता ना?"
होता, म्हणालो.
"आणि सोपानच्या वेळी?"

सोपान तुरुंगात आहे. त्याची केस उभी राहायचीय.
पिशवी त्याच्या मांडीवर होती, एवढंच मला ठाऊक,
कुणाची होती ते मोजायला
मला कुणी सांगितलं नव्हतं.
"त्याचा काटा माझा नव्हता," मी म्हणालो.
खरंच आहे ते. पंख्याचं तेवढं आठवत नाही.

तो गेल्यावर पाटलीवाल्या बाईनं विचारलं,
कोन होता ओ?
मी दिवा पेटवला, फुंकणी ओठाला लावली.
तोंडात फुंकणी असली
की बोलावं लागत नाही.