हाफ क्लच

बावन्नाव्या वर्षी मी शिकाऊ झाले.
इलाही मास्तरांनी काच पुसली, लाल 'एल' चिकटवला,
पोराला काजळाची तीट लावावी तसा.
बत्तीस वर्षं एस.टी.त काढलेला माणूस,
गगनबावड्याचा घाट झोपेत उतरेल असा.
म्हणाले, "वहिनी, क्लच म्हंजे म्हशीचं आचळ.
हिसकायचं न्हाई. सोडायचं बी न्हाई एकदम.
लाथ बसती."

बसली. पहिल्याच दिवशी, गंगावेशीत.
कट्ट्यावर धारोष्ण दूध पिणारी चार पोरं
ग्लास ओठाला तसाच धरून बघत राहिली,
आणि एक खरोखरची म्हैस
बॉनेटला वळसा घालून गेली
जणू मीच रस्त्यात रवंथ करत बसलेय.

गाडी ह्यांची. अकरा वर्षं ह्यांच्याच हातातली.
मग साखरेनं डोळ्यामागचा पडदा पोखरला,
ह्यांनी किल्ली फ्रीजवर ठेवली
आणि आम्ही दोघंही फ्रीजच्या वर बघेनासे झालो.
गाडीवरच्या धुळीत शेजारच्या पोरानं बोटानं लिहिलं,
'मला धुवा'.
मी वाचलं. ह्यांना सांगितलं नाही.

खरं सांगू? भीती आपटण्याची नव्हतीच.
भीती मागच्या हॉर्नची.
आपल्यापायी कुणाचा खोळंबा होतोय, याची.
जेवणाच्या पंगतीत, बँकेच्या रांगेत,
पुतण्याच्या लग्नाच्या फोटोतसुद्धा
मी सरकत आले बाजूला, आयुष्यभर.
दसरा चौकात सिग्नल हिरवा झाला, इंजिन बंद पडलं,
आणि सरकायला बाजूच नव्हती.
मागं रिक्षा, बुलेट, केळ्यांचा टेम्पो.
"ओ काकी, उजाडलं!"
डावा पाय शिवणयंत्रावर ठेवल्यासारखा.

हे शेजारी. समोर नुसता धूसर उजेड त्यांना,
तरी उजवा पाय मॅटवर ब्रेक दाबत राहायचा,
नसलेला. मॅटला तिथं खळगा पडला.
"बघू नकोस. ऐक," म्हणायचे.
"आता रडतंय, गिअर खाली घे.
आता गुणगुणतंय ना? असू दे तसंच."

भांडलो पण. परीख पुलाखाली, गुडघाभर पाण्याआधी,
"उतरा," म्हणाले मी, "इथंच उतरा."
ते खरंच दाराची कडी चाचपायला लागले.
मग दोघांनाही हसू आलं,
पण घरी येईपर्यंत कुणी बोललं नाही.

पुढं रोज पहाटे रंकाळ्याभोवती फेऱ्या.
टॉवरपाशी वळताना मास्तर एकदा म्हणाले,
"हितं सोडा मला. चहा प्यायचाय."
परत आले ते फडकं घेऊन, एल पुसायला.
डिंक राहिलाच थोडा. अजून आहे.

आणि परवा, वाघबीळच्या चढावर,
उसाची ट्रॉली पुढं, जोडीला दुसरी ट्रॉली,
दोन्ही आभाळाएवढ्या, आणि थांबल्या.
मागं एस.टी. नाकाला नाक लावून.
क्लच अर्धा. गाडी पुढं जात नाही,
मागं येत नाही,
नुसती धरून राहते स्वतःला.
काहीतरी थरथरत होतं पायाखाली.
बघितलं तर ते इंजिन होतं. पाय नव्हता.

एस.टी.नं हॉर्न दिला, लांबलचक.
वाजव बाबा, म्हटलं मनात.
मला लागेल तेवढा वेळ लागेल.

ट्रॉली हलली. एक ऊस निसटून रस्त्यावर पडला,
त्याच्या बाजूनं घेतली मी, सावकाश.
दुसरा गिअर. गुणगुणलं.

शेजारी काहीतरी सरकल्याचा आवाज.
ह्यांनी पायातल्या चपला काढल्या होत्या
आणि सीटवर चक्क मांडी घातली होती.
"वाघबीळ गेलं?"
"गेलं."
"मग शेंगा काढ की पिशवीतल्या."

"माझे हात मोकळे नाहीत," मी म्हणाले.
"तुम्हीच काढा. मलाही सोलून द्या."