चालकाचे नाव

बोनस माणसाचा असतो, गाडीचा नाही,
हे तू मला झेन विकली त्या दिवशी समजावलंस,
टिळेकर एजंटसमोर, कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत सरकवत.
झेन गेली धनकवडीच्या एका फ्रेमवाल्याकडे,
तुझा चांगुलपणा मात्र मागे राहिला,
आणि नव्या वॅगन आरमध्ये आपल्याआधी जाऊन बसला.

पहिल्या वर्षी वीस टक्के, मग पंचवीस,
पस्तीस, पंचेचाळीस, आणि पाचव्या वर्षानंतर पन्नास.
त्याच्या वर पायरी नाही.
त्या शेवटच्या पायरीवर तू सात वर्षं उभा होतास,
कोणी ढकलू नये म्हणून कठडा धरून.
थर्ड पार्टीवर सूट नसते, तेही सांगितलंस.
दुसऱ्याचं नुकसान नेहमी पूर्ण भावात.

मी गाडी शिकले एकावन्नाव्या वर्षी,
बिबवेवाडीच्या क्लासात, एकवीस दिवस.
बाविसाव्या दिवशी पार्किंगमधल्या खांबाला
डावं दार लावलं.
तू दाराकडे पाहिलंस, मग खांबाकडे,
मग माझ्याकडे. याच क्रमाने.

क्लेम? छे.
मार्केट यार्डामागच्या गॅरेजवाल्याला रोख सहा हजार चारशे,
वर्षाची चार हजार एकशेची सूट वाचवायला.
मी पेपरच्या कडेला वजाबाकी करून दाखवली.
रेकॉर्डचा प्रश्न आहे, म्हणालास.
रात्री मी पुढची पाच वर्षं धरून पुन्हा मांडलं,
तर तुझंच बरोबर निघालं.
तो पेपर मी रद्दीत खालून तिसरा ठेवला.

किल्ली खुंटीवरून तुझ्या खिशात गेली.
तू आंघोळीला गेल्यावर टिळेकरांना फोन केला:
माझं नाव पॉलिसीत घालावं लागेल का?
तसं काही नसतं हो मॅडम,
लायसन असलं की कोणीही चालवावी.
म्हणजे कागदात मला कुठेच मनाई नव्हती.
नाव तेवढं नव्हतं.

मग ती फेब्रुवारीतली रात्र. दोन चाळीस.
बनियन घामाने चिंब, आणि किल्ली
तूच पुढे केलीस.
सातारा रस्ता एवढा रिकामा मी कधी पाहिला नव्हता,
तरी मला बीआरटीचा कठडा सापडलाच.
काहीतरी फुटलं, काहीतरी फरफटत आलं.
थांबू नकोस, म्हणालास,
छातीवरचा हात न काढता.

तिसऱ्या दिवशी शुद्धीत नीट आलास
तेव्हा पहिला प्रश्न: किती लागलं?
मला वाटलं, मला.
बंपर, दिवा, मडगार्ड. अडतीस हजार.
सलाइनचे थेंब मोजल्यासारखा बघत राहिलास,
आणि मग म्हणालास, क्लेम करून टाक.
बारा वर्षांचं पुण्य एका वाक्यात.
मी नर्सला बोलावणार होते, भ्रम झाला असेल म्हणून.

फॉर्म मी आयसीयूबाहेरच्या बाकावर भरला.
वाहनमालक: प्रमोद खळदकर.
अपघातसमयी चालकाचे नाव:
उल्का प्रमोद खळदकर. अक्षर जरा मोठंच आलं,
रेघेबाहेर गेलं.
मालकाशी नाते: पत्नी.
अपघात कसा घडला, थोडक्यात.
घाई होती, एवढंच लिहिलं.
टिळेकर म्हणाले, अजून थोडं लिहा.

यंदाच्या नोटिशीत लिहिलंय:
नो क्लेम बोनस, शून्य टक्के.
तू ती दोनदा वाचलीस, घडी घातलीस,
आणि त्याच जुन्या पिशवीत ठेवलीस.
आता डाव्या सीटवर बसून
स्वारगेटपर्यंतच्या प्रत्येक सिग्नलला
पायाखालचं मॅट दाबतोस, करकचून.
मी काही म्हणत नाही.

खांब अजून तिथेच आहे.
आज संध्याकाळी तू आधी उतरलास,
मागे जाऊन उभा राहिलास खांबाच्या आणि गाडीच्या मध्ये,
डॉक्टरांनी उचलू नका सांगितलेला हात उचलून:
ये, ये, अजून ये,
आहे जागा.