नमुना

शीतलामाता बाजारात माझं बटणांचं दुकान.
एकशे चव्वेचाळीस म्हणजे एक ग्रोस,
हे ज्याला सांगावं लागतं त्याला मी किरकोळीत काढतो.
लोकेशला सांगावं लागलं.
तो आला होता खेळ बनवून द्यायला.

खेळ साधाच. वरून बटणं पडतात,
खाली दोन डबे: दोन भोकांचं डावीकडे,
चार भोकांचं उजवीकडे.
बोटाने ढकलायचं, बस.
एकतीस वर्षं माझे हात हेच करत आलेत.
डोळे मिटले तरी पापण्यांच्या आत पडत राहतात,
म्हटलं, एकदा कुणाकडून तरी बाहेर काढून घ्यावीत.

का, हे त्याने विचारलं नाही.
बायकोने विचारलं.

त्याने बाकी सगळं विचारलं.
बटण किती वेगाने पडतं?
दोन एकदम आली तर?
आणि खेळणाऱ्याने काहीच केलं नाही तर?
काहीच केलं नाही तर, काका, काय होतं?
मी गल्ल्यावर बोटं वाजवत बसलो.
समोरच्या लेसवाल्याकडे गिऱ्हाईक होतं.

बारा हजार म्हणाला, पंधरा दिवस.
नऊ, असं माझ्या तोंडून निघून गेलं.
मी नव्हे, जीभ बोलली, तिला सवय आहे.
आता तो अकरा म्हणेल, मी साडेनऊ,
मग चहा येईल, आणि दहावर
दोघंही लुटले गेल्यासारखं तोंड करू.
तो म्हणाला, ठीक है.
चहा अजून यायचा होता.

भंवरकुआला खोली, तिघांत एक कूलर,
गाव सोनकच्छच्या पुढे कुठेतरी.
शर्टाची बाकी बटणं अठरा नंबर,
वरून दुसरं वीस, दोरा काळा.
मला हे न बघता दिसतं.

नवव्या दिवशी नमुना घेऊन आला.
आमच्यात नमुना म्हणजे पुठ्ठा,
त्यावर टाचलेली बारा बटणं, खाली भाव.
त्याच्या नमुन्यात बटणंच नव्हती,
करडे चौकोन पडत होते.
चित्रं नंतर, काका, म्हणाला,
आधी पडणं नीट जमू दे.
इतकं शहाणं वाक्य या बाजारात
मी बऱ्याच वर्षांत ऐकलं नव्हतं.

मी खेळलो. हरलो.
अंगठा जाड, काच गुळगुळीत,
एकतीस वर्षांचा हात तिथे शिकाऊ निघाला.
एक चौकोन दोन डब्यांच्या मधून निसटला
आणि दिसेनासा झाला.
कुठे गेला?
कुठेच नाही. पडतोय अजून.
तळ घातलेला नाही ना. हे बघा,
कोपऱ्यात एक बारीक आकडा:
उणे चार हजार, उणे साडेचार, उणे सहा.
उद्या तळ घालून देतो.

गेल्या दिवाळीआधी रंगकामाला काउंटर हलवला,
वाटलं होतं, खालून किलोभर तरी निघतील.
निघाली तीन.
आणि चार आण्यांचं एक नाणं.

राहू दे, मी म्हटलं. तळ नको.

नऊ हजार मोजून दिले.
आणि कागदाच्या पुडीत एक बटण,
अठरा नंबर, पांढरं, चार भोकांचं, सोबत दोरा.
त्याने पुडी उघडून पाहिली, मग स्वतःच्या छातीकडे,
आणि कानापर्यंत लाल झाला.
वरचे तीन हजार द्यायचे मनात होते.
अजून आहेत.

रात्री फोन उशीजवळ.
नमुना आहात एक, असं म्हणून बायको कूस बदलते.
कोपऱ्यातला आकडा मला आता तोंडपाठ असता,
पण तो थांबला तर ना.
खेळ बंद केला की पडणंही बंद होतं,
असं लोकेशचं म्हणणं.

होत असेल.
त्याला बटणांचा अनुभव नाही.