लिफ्टखालून

मी माणसं वरून कमी ओळखतो.
ऑक्टोबर लागला की शिकुतिमीतल्या या गॅरेजात
गाड्या एकामागून एक लिफ्टवर चढतात
आणि पोटं उघडी टाकून माझ्या डोक्यावर तरंगतात.
लाव्हुआ मास्तर ब्रेक उशिरा दाबतात, हे मला पॅड सांगतं.
फेर्लांच्या थोरलीने पुन्हा फुटपाथला घासलीय,
बापाला बोललेली नाही.
मीही बोलत नाही.

आधी गरम पाण्याचा फवारा.
चाकांच्या कमानीत उन्हाळा अडकून बसलेला असतो:
सरोवराकाठची वाळू, डांबराचे ठिपके,
एकदा तर खारीने साठवलेल्या बिया, नीट रचलेल्या.
सगळं जाळीतून वाहून जातं.
मग रात्रभर सुकू द्यायचं.
ओल्या पत्र्यावर तेल मारणं म्हणजे
न धुतलेल्या जखमेवर पट्टी.

खाल्ल्या मिठाला जागावं म्हणतात.
इथे नोव्हेंबरपासून मीठच जागं असतं.
ट्रक ते रस्त्यावर पेरत जातो
आणि ते रात्रभर, चकार शब्द न काढता, पत्रा खातं.
सुरुवात सांध्यांपासून.
म्हातारपणासारखं, असं मी एकदा गिऱ्हाइकाला म्हणालो.
पुन्हा म्हणालो नाही.

मादाम तिव्हिएर्ज एक्क्याऐंशीच्या.
बाटलीसारखी हिरवी गाडी, सोळा हिवाळे,
पोटाला एक भोक नाही.
दर वर्षी ऑक्टोबरच्या पहिल्या मंगळवारी येतात,
पर्स मांडीवर घेऊन माझ्या स्टुलावर बसतात
आणि उलटतपासणी घेतात:
दारांच्या रबरांना सिलिकॉन लावलंस?
मागे एकदा उणे तीसला दार ओढलं तर रबरच हातात आलं होतं.
कुलपात ग्रॅफाइट? काचेचं निळं पाणी, उणे चाळीसचं?
इंजिन हीटरची वायर जाळीतून बाहेर काढलीस?
आणि ते कापडी पायपोस काढ बाबा, रबरी टाक, उंच काठांचे,
बुटांवरचा बर्फ आत वितळतो आणि मार्चपर्यंत मी
तळ्यात पाय सोडून गाडी चालवते.

यंदा गाडी त्यांचा मुलगा घेऊन आला.
म्हणाला, आतून तेवढी चकाचक करा. विकायचीय.
आईचं लायसन्स गेलं. डोळे.
तेल नको. तेलाने काय, अंगणात ओघळ नुसते.

मी व्हॅक्यूम फिरवला.
मागच्या सीटवर ब्लूबेरीचे डाग, ऑगस्टमधले,
साबणाने फिके झाले, गेले नाहीत.
पेडलांभोवती गेल्या वर्षीच्या मिठाची पांढरी नक्षी,
तिला व्हिनेगर आणि कोमट पाणी.
ड्रायव्हरच्या सीटखाली एक हातमोजा,
आणि भिंग.
मुठीच्या भिंगाला दोरी, दोरीला गाठ,
गळ्यात अडकवता येईल एवढी.
म्हणजे वेगाचा काटा त्या भिंगातून बघत होत्या.
किती दिवस, देव जाणे.
मी ते पुसून खणात ठेवलं.
परत काढलं. खिशात घातलं.

दुपारी फोन वाजला.
तेल मारलंस?
मादाम, गाडी विकतायत ना.
पलीकडे जरा वेळ नुसता रेडिओ ऐकू येत होता.
मग म्हणाल्या,
गंजाला लायसन्स लागत नाही.

मी गाडी परत लिफ्टवर घेतली.
दारांच्या तळाची बुचं काढली, नळी आत सारली,
उंबऱ्यात, कमानीत, डिकीच्या घडीत,
जिथे कुठला घेणारा वाकून बघणार नाही तिथे.
बिलात लिहिलं: आतून साफसफाई.
हे तेल आपण थांबल्यावर थांबत नाही,
सांध्यातून सांध्यात सरकत राहतं, दोन-तीन दिवस.

संध्याकाळी मुलाला सांगितलं, खाली पुठ्ठा अंथर.
कशाला, ते त्याने विचारलं नाही.
तो ज्या गाडीतून आयुष्यभर फिरलाय
तिचं पोट मी कधी पाहिलेलं नाही.

भिंग अजून माझ्या खिशात आहे.
मंगळवारी नेऊन द्यावं म्हणतो.
बर्फ पडायच्या आत.