आडोसा

दैगूच्या भुयारी स्टेशनात, सकाळी पावणेसहाला,
छू मालसुन बाईंच्या पेटीत
लाल काच, विजेरी, सिलिकॉनची नळी
आणि भुवया कोरायचा चिमटा, घरून आणलेला.

बायकांची बाजू. सात दारं.
दारांत, भिंतींत सुईच्या नेढ्याएवढी भोकं,
कुणी टिश्यूची वळी करून बुजवलेली,
कुणी च्युइंगगमनं, कुणी जखमेच्या पट्टीनं.
एकीनं निळ्या नेलपॉलिशचा थेंब सोडलाय,
हात थरथरला असेल,
ओघळ पार कडीपर्यंत आलाय.
बाई काहीच उचकटत नाहीत,
बुजवलेल्यावर वरून लेप देतात,
दुसऱ्या कुणाच्या लेकीची सैल वेणी
न विचारता घट्ट करावी तसं.

डोळ्यांत तेल घालून बघायचं, हेच काम.
स्क्रूच्या डोक्यात. हात सुकवायच्या यंत्राच्या जाळीत.
मागच्या हिवाळ्यात एक सापडला होता
कागदाच्या डब्यात, तिळाएवढा.
पोलीस विचारत होते, कधीपासून आहे हा?
बाईंना काय ठाऊक.
तीळ का सांगतो, कधी उगवला ते.

आज चौथ्या दाराला आतून नवा पडदा.
बसलं की बरोब्बर नजरेसमोर.
पापण्यांच्या शस्त्रक्रियेची जाहिरात:
डोळे मोठे करून घ्या, परीक्षा संपल्या, तीस टक्के सूट.
पडद्याच्या कडेला काहीतरी
लाल काचेतून लुकलुकलं.

फोनवरचा मुलगा नम्र होता.
ते अधिकृत आहे, आजी.
कोण किती सेकंद बघतं, वय साधारण किती,
एवढंच मोजतं. चेहरा ठेवत नाही.

ठेवायचा नाही तर घेतो कशाला,
बाई म्हणाल्या, पण फोन ठेवल्यावर.

तपासणीच्या कागदावर दोनच रकाने:
सापडले. सापडले नाही.
अधिकृत सापडलं तर खूण कुठे करायची?
पेनाचं टोक दोन्हींच्या मधल्या रेघेवर
बराच वेळ टेकलेलं. शाईचा ठिपका फुगत गेला.
तोही तिळाएवढा.

मग त्यांना स्वतःला लागली.
पहाटेपासून धरून ठेवलेली.
सहा दारं मोकळी होती. त्या चौथ्यात शिरल्या,
कामाची टोपी काढली,
पडद्याच्या कोपऱ्यावर अडकवली
आणि निवांत बसल्या.
कंपनीच्या हिशेबात त्या दीड मिनिटात
तिथे कुणीच नव्हतं.

टोपी तिथेच विसरल्या.
उद्याही विसरणार आहेत.
घरी आणखी सहा आहेत.