खाल्ल्या मिठाला

कोइंब्राच्या इस्पितळात आम्हां दोघा भावांना
चौदा दिवस ठेवून घेतलं.
पहिले सात अळणी, पुढचे सात खारट,
पावसुद्धा तोलून.
लघवी तपकिरी कॅनमध्ये, चोवीस तासांची, थेंब न सांडता.
एका कॅनवर बेल्मिरु, ते मी.
शेजारच्यावर अदेलिनु.
रक्तदाब दोघांनाही,
टाचा दोघांच्याही आवेरूच्या एकाच मिठागरात फुटलेल्या.

अळणी आठवड्यात तो नर्सशी भांडला.
मी उकडलेला बटाटा गिळून छत बघत राहिलो.
मग खारवलेला कॉड ताटात आला,
तो म्हणाला, आत्ता कुठे जेवलो.
मला त्या रात्री बोटातली अंगठी निघेना.

डॉक्टर ग्रासिंडाबाईंनी कागद आमच्याकडे फिरवला.
माझा दाब बावीसनं चढलेला.
त्याचा दोननं.
दोन! तेवढा तर रेडिओवर फुटबॉल ऐकतानाही चढतो.

यांचं शरीर मीठ आलं तसं सोडून देतं, बाई म्हणाल्या,
तुमचं धरून ठेवतं.

म्हणजे खाल्ल्या मिठाला जागणारा मीच.
मालक मेला, तरी त्याच्या पोराच्या वाफ्यात
मी फावडं खाली ठेवलं नाही;
आता मूत्रपिंडंही तसलीच निघाली,
कणाकणाचा हिशेब ठेवणारी,
प्रत्येक कणाभोवती पाणी घेऊन बसणारी.
आणि हा बेइमान
खाल्लं, विसरला,
शेजारच्या खाटेवर घोरतोय.

बाराव्या दिवशी दोन्ही हातांत सुया.
एकीतून इन्सुलिन, एकीतून साखर,
दर पाच मिनिटांनी रक्त.
साखर दाराशी ताटकळलेली,
इन्सुलिन हाका मारतंय,
आणि माझे दंड, माझ्या मांड्या,
तीस वर्षं ओलं मीठ ओढलेल्या,
त्यांना ऐकूच येत नाही.
म्हणून अंग आणखी इन्सुलिन सोडतं, आणखी मोठ्यानं.
ते भलत्यालाच ऐकू जातं, बाई म्हणाल्या. मूत्रपिंडाला.
त्याला वाटतं, आपल्यालाच सांगतायत: धर, सोडू नकोस.

हे मला झटकन कळलं. त्यांना नवल वाटलं.
आमचा बाप बांधावरून ओरडायचा,
बेल्मिरु, झडप उघड, भरती आली!
उत्तरेचा वारा असला की मला काही पोचायचं नाही.
बाप आणखी ओरडायचा.
पलीकडच्या वाफ्यातला अदेलिनु उठायचा
आणि नको ती झडप बंद करायचा.
रात्री मार मला.

ऑगस्टात घरी आलो, ऐन काढणीत.
झुल्मिरानं पाव अळणी भाजला,
वर लिंबू, कोथिंबीर, लसूण,
आणि माझ्या तोंडाकडे बघत उभी राहिली.
बरा आहे, म्हणालो. बरा नव्हता.
दिवसभर हाताखाली टनभर मीठ,
ओठांवरचं पुसायला खिशात फडकं.
अदेलिनु म्हणाला, मीही अळणीच खाणार, तुझ्यासोबत.
सगळ्यांसमोर म्हणाला. वहिनीचे डोळे भरले त्याच्या.

चौथ्या रात्री कोठारामागून
खारातल्या ऑलिव्हच्या बिया थुंकल्याचा आवाज.
एक.
थांबून, दुसरी.
वारा त्याच्याकडून माझ्याकडे.
तोंड उघडलं होतं मी, बापासारखं.

हाक मारली नाही.
अकरा बिया.
मोजल्या मात्र.